वर्षभरातल्या मैफली : "छान झालं"च्या पुढे काय लिहायचं?

कानसेन | २ जाने., रात्री ९.१०

सवाई (डिसेंबरातला सवाई गंधर्व महोत्सव) संपला की पुणेकर श्रोत्याचं वर्ष संपतं. आता जानेवारीत हिशेब मांडायचा. इथे वर्षाला वीस-पंचवीस मैफली ऐकणारे बरेच जण आहेत, पण गेल्या वर्षीचा धागा वर काढून वाचला तर "यमन अप्रतिम", "साथ समर्पक", "ध्वनिव्यवस्था ढिसाळ" याच्या पुढे हाताला काही लागत नाही. यमन का लागला, साथ कशाला समर्पक होती, ढिसाळ म्हणजे नेमकं काय बिघडलं होतं? यंदा प्रत्येकानं कारणासकट लिहावं, एवढीच अट.

नोंदीचा सांगाडा सुचवतो. तारीख, जागा, खुली की बंदिस्त, कितव्या रांगेत कुठल्या बाजूला बसलात. गायकाचा किंवा वाद्याचा स्वर (काळी एक, पांढरी दोन वगैरे, संवादिनीवाल्याचा हात कुठल्या पट्टीवर विसावतो ते पाहिलं की कळतं). तानपुरे किती, पहिली तार पंचमात की मध्यमात की निषादात. राग, ताल, मुखड्याचे (बंदिशीच्या पहिल्या ओळीचे) शब्द. आणि सगळ्यात उपयोगी आकडा म्हणजे एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, लागलेले सेकंद.

घड्याळावर समेपासून (तालाच्या पहिल्या मात्रेपासून) पुढच्या समेपर्यंत मोजा. विलंबित एकतालाच्या १२ मात्रांना ४८ सेकंद लागले तर मात्रा ४ सेकंदांची, मिनिटाला १५. बडा ख्याल (विलंबित लयीतलं मुख्य गाणं) संपताना पुन्हा मोजा. ३६ सेकंद भरले तर मात्रा ३ सेकंदांवर आलेली असते, म्हणजे मिनिटाला २०. लय चढणं मुळात दोष नाही. पण दहा मिनिटांत चढली की पाऊण तासात, आणि गायकानं चढवली की तबल्यानं ढकलली, हे आकड्याशिवाय सांगता येत नाही. "गाणं घाईत वाटलं" या तक्रारीचं मूळ निम्म्या वेळा इथेच सापडतं.

---

मधली_रांग | २ जाने., रात्री १०.०२

सांगाडा चांगला आहे. पण मैफलीत वही मांडीवर घेऊन बसायला माझा विरोध आहे, आणि मोबाइलवर लिहायला तर सक्त. अंधाऱ्या सभागृहात एक पेटलेला पडदा मागच्या पाच रांगांना टोचतो.

चालू मैफलीत फक्त दोन गोष्टी कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं टिपाव्यात: मुखडा आणि घड्याळाची वेळ. बाकीचं घरी पोचल्यावर झोपण्याआधी लिहावं. दुसऱ्या दिवसावर टाकलं की रागांची नावं उरतात, गाणं पुसलं जातं. सवाईसारख्या ठिकाणी एका दिवसात चार-पाच कलाकार होतात, तेव्हा दर मध्यंतरात चहाच्या रांगेत उभं राहून लिहावं. पाचवा कलाकार ऐकून झाल्यावर पहिल्याची मुलतानी आणि दुसऱ्याचा मधुवंती यांचा काला झालेला असतो.

आवर्तन मोजायचं तर एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी. सारखं घड्याळ बघणारा श्रोता गाणं ऐकत नसतो.

---

फेडर_खाली | ३ जाने., सकाळी ११.३०

"ध्वनिव्यवस्था ढिसाळ" हे मिक्सरमागे बसणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्यात निदान चार वेगळे आजार आहेत. ते कानानं वेगळे करता आले तर तक्रारही नीट करता येईल.

पहिला, शीळ किंवा घूं. स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो. गायक "मॉनिटर (मंचावर त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर) वाढवा" म्हणतो, आपण वाढवतो आणि घूं सुरू होते. कारण बहुधा मॉनिटरच्या जागेत असतं. साध्या कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माइकला पाठीमागून सर्वांत कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीशी हवा. हायपरकार्डिऑइड (समोरचं आणखी अरुंद ऐकणारा) माइक असेल तर पाठीला थोडं ऐकू येतं. त्याचे बहिरे कोन मागच्या बाजूला तिरपे असतात, तेव्हा मॉनिटरही तिरपा ठेवावा लागतो. दुसरं कारण उघड्या माइकांची संख्या. उघडे माइक दुप्पट झाले की शीळ येण्याआधीची मोकळीक ३ डेसिबलनं घटते. गायक, तबला, डग्गा, संवादिनी, दोन तानपुरे, मागे बसलेले दोन शिष्य असे आठ माइक उघडे ठेवले तर एका माइकच्या तुलनेत ९ डेसिबल गेले. शिष्य गात नसताना त्यांचे फेडर (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकत्या कळा) खाली असलेच पाहिजेत.

दुसरा आजार, आवाज मध्येच जवळ आणि मध्येच लांब. हा यंत्राचा नसून अंतराचा आहे. माइक तोंडापासून १० सेंटिमीटरवर असताना गायकानं तानेच्या झोकात मान मागे नेली आणि अंतर २० झालं, की आवाज ६ डेसिबलनं पडतो. माइक वीतभर लांब ठेवला तर तीच हालचाल फारशी जाणवत नाही. शिवाय तोंडाला चिकटलेल्या माइकमध्ये खालचे सूर फुगतात, म्हणून खर्ज ढोलासारखा ऐकू येतो.

तिसरा, ताना एकमेकींत मिसळणं. याला बहुतेक वेळा मिक्सरवरचा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) जबाबदार. सेकंदाला आठ सुरांची तान म्हणजे प्रत्येक सुराला १२५ मिलिसेकंद. रिव्हर्बची शेपटी दोन सेकंद असेल तर एका वेळी सोळा सूर हवेत लोंबकळतात. आलापीला गोड वाटणारा रिव्हर्ब द्रुतात मारक ठरतो. तो द्रुत सुरू होताना कमी करायचा असतो, पण करतो कोण?

चौथा, तबल्याची प्रत्येक थाप दोनदा ऐकू येणं. मोठ्या मांडवात मागच्यांसाठी वेगळे स्पीकर मनोऱ्यांवर असतात. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मंचापासून ३४ मीटरवरच्या मनोऱ्याला १०० मिलिसेकंद उशीर द्यावाच लागतो. त्यात आणखी १०-१५ मिलिसेकंद घातले की कानाला आवाज मंचाकडूनच आल्यासारखा वाटतो. हे गणित चुकलं किंवा केलंच नाही, की मागच्या निम्म्या मांडवाला जुळी थाप.

डग्ग्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण यंदा सर्वांत जास्त ऐकू आलेला दोष तोच. सिनेसंगीताच्या कार्यक्रमांसाठी लावलेले सबवूफर (खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) तसेच ठेवून ख्याल वाजवला जातो. घुमारा छातीवर आदळतो आणि गायकाचा मंद्र सप्तक त्याच्याखाली गाडला जातो. उपाय दोन मिनिटांचा: गायकाच्या माइकला ८० ते १०० हर्ट्झच्या खाली काट आणि डग्ग्याचा सबवूफरकडे जाणारा भाग कमी.

---

बिगरपावती | ३ जाने., दुपारी १२.१५

मग बसायचं कुठे?

---

फेडर_खाली | ३ जाने., दुपारी १२.४०

मिक्सरच्या टेबलापाशी, शक्यतो त्याच्या एक-दोन रांगा पुढे. तो माणूस जे ऐकून फेडर हलवतो तेच तुम्हाला ऐकू येतं. पहिल्या दोन रांगा सुरांपेक्षा चेहऱ्यांसाठी असतात: तिथे मंचावरचा मॉनिटर, थेट तबला आणि बाजूचा स्पीकर यांची खिचडी पोचते. भिंतीला टेकून आणि बाल्कनीच्या खाली बसू नये, तिथे खालचे सूर साचतात. अगदी कडेला बसलात तर एकच स्पीकर ऐकाल.

यातून सुटका देणारी जागा म्हणजे मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राचं टाटा थिएटर. १९८० साली सुरू झालं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची, आणि मुळात माइकशिवाय ऐकू यावं म्हणूनच बांधलेलं. तिथे कमी माइकांवर झालेली मैफल आणि मांडवातली मैफल एकाच फूटपट्टीनं मोजू नका.

---

चाट_लव_शाई | ३ जाने., रात्री ८.५५

तबल्याच्या बाजूनं भर घालतो. "तबलजी सारखा हातोडी मारत बसतो" ही नोंद यंदा दोन-तीन ठिकाणी वाचली. तो मुद्दाम करत नाही, हवा करते.

तबल्याचं तोंड चामड्याचं. दमट हवेत चामडं सैल पडतं, स्वर उतरतो. कोरड्या हवेत किंवा दिव्यांच्या उष्णतेत आवळतं, स्वर चढतो. तानपुऱ्याची तार धातूची. ती गरम झाली की लांबते आणि उतरते, गार झाली की चढते. आता दोन्ही एकत्र ठेवा. बंद नाट्यगृहात मंचावरच्या जुन्या धगधगत्या दिव्यांखाली तबला चढतो आणि तानपुरा उतरतो. डिसेंबरच्या उघड्या मांडवात सूर्य मावळल्यावर गारवा वाढतो, दव धरतं, तिथे नेमकं उलटं: तानपुरा चढतो, तबला उतरतो. दोघं विरुद्ध दिशांना जातात, म्हणून अर्ध्या तासात ऐकू येण्याइतकी फट पडते. ग्रीनरूममध्ये तासभर जुळवलेलं वाद्य मंचावर येताच बिघडतं तेही याचमुळे. वाद्यं मंचावर आणून दहा-पंधरा मिनिटं नुसती ठेवावीत आणि मग जुळवावीत. आयोजक कार्यक्रम उशिरा धावतोय म्हणून हीच पंधरा मिनिटं कापतात.

हातोडी कुठे पडते ते बघा. गजऱ्यावर (तोंडाच्या कडेच्या चामडी वेणीवर) पडत असेल तर किरकोळ दुरुस्ती. गट्ट्यांवर (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांवर) पडत असेल तर स्वर बराच सरकलाय, किंवा मुळात त्या पट्टीचा तबला आणलेला नाही. लहान तोंडाचा तबला चढ्या पट्टीला, मोठ्या तोंडाचा ढाल्या पट्टीला. काळी एकच्या गायकामागोमाग काळी चारची गायिका असेल तर दुसरा तबला लागणारच. एकच तबला दोन्हीकडे ओढला की एकीकडे तो ओरडतो, दुसरीकडे मेल्यासारखा वाजतो.

बासरीचंही असंच. हवेचा स्तंभ एका अंशानं तापला की स्वर साधारण ३ सेंटनं (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो. गार संध्याकाळी पहिली पाच मिनिटं बासरी किंचित उतरलेली वाटली तर वादकाला दोष देऊ नका, फुंकर आतली हवा तापवते आहे.

---

खुंटी_पिळ | ४ जाने., सकाळी ७.२०

तानपुऱ्याबद्दल कुणीच नोंद ठेवत नाही, आणि सबंध मैफल त्याच्यावर उभी असते. जुळवणी चालू असते तेव्हा लोक गप्पा मारतात. ती तीन-चार मिनिटं ऐका, पुढचा अंदाज येतो.

आधी मधल्या दोन तारांच्या जोडीतली एक तार षड्जाला लावतात. मग दुसरी तिच्याशी. दोन्ही जवळ आल्या की आवाजात वँव-वँव अशी लाट येते, ती हळूहळू लांबत जाते आणि थांबते. काळी एकच्या तानपुऱ्यात दर दोन सेकंदांनी एक लाट येत असेल तर फरक जेमतेम ६ सेंटचा उरलेला असतो. पण लाट आहे तोवर जोड लागलेली नाही. मग खर्ज (सर्वांत खालच्या षड्जाची तार), शेवटी पहिली तार. खुंटीनं ढोबळ, मण्यानं बारीक. मग घोडीवरचा जवारीचा (तारेला गुंजन देणारा) दोरा केसभर पुढेमागे. जवारी खुलली की खर्जातून गांधार आपोआप ऐकू येतो. तो न येता नुसतं "टंव टंव" येत असेल तर दोरा चुकीच्या जागी आहे किंवा घोडी घासून सपाट झाली आहे, आणि ती मंचावर दुरुस्त होत नाही. मिरजेला पाठवायची.

पहिल्या तारेची नोंद का ठेवायची? मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून ती मध्यमाला. मारवा-पूरियात बहुधा निषादाला. मारवा चालू असताना मागे पंचम वाजत असेल तर गायकाच्या तीव्र मध्यमाला सतत टाचणी लागते. यंत्राचा तानपुरा लावलेला असतो तिथे ही चूक फार होते, कारण आधीच्या रागाची जुळणी बदलायला कुणी विसरतं.

नव्या तारा मैफलीच्या दिवशी चढवलेल्या दिसल्या (त्या दिव्यात लखलखतात) तर जुळवणी वारंवार होणार हे धरून चाला. नवी तार बसायला निदान एक दिवस लागतो.

---

कानसेन | ४ जाने., सकाळी ९.४५

@खुंटी_पिळ, @चाट_लव_शाई, हेच हवं होतं. दोन वाद्यांच्या विरुद्ध ओढीमुळे माझ्या डिसेंबरच्या तीन नोंदींचा उलगडा झाला.

रागांच्या वेळेचा एक मुद्दा. वर्षभराची यादी काढली तर तीच-तीच नावं येतात: भीमपलास, मुलतानी, मधुवंती, पूरिया धनाश्री, यमन, मारुबिहाग, बागेश्री. कलाकारांना दुसरं येत नाही असं नव्हे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्या जागी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद केला. सरकारला वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, तीही गणपती-नवरात्रीत बरीच खर्च होते. १९५३ पासूनचा सवाई आधी रात्रभर चालायचा. आता दुपारी सुरू होतो, दहाला आटोपतो, सूट मिळालेल्या दिवशी बारापर्यंत. मग दरबारी, अडाणा यांना जागा उरते कुठे? पहाटेचा ललत तर उघड्यावर जवळजवळ संपला.

---

ओवरी | ४ जाने., सकाळी ११.०५

दिवाळी पहाट आहे की.

---

कानसेन | ४ जाने., सकाळी ११.२०

आहे, पण गणित बघा. उघड्यावर सहाच्या आधी ध्वनिक्षेपक नाही. दिवाळीच्या दिवसांत पुण्यात सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. दीपप्रज्वलन आणि सत्कार यांत वीस मिनिटं जातात. ललताला उरली दहा मिनिटं! मग थेट अहिर भैरव नाहीतर नाट्यगीत. बंदिस्त सभागृहाला हा नियम लागू नाही, म्हणून खरी प्रभातमैफल ऐकायची तर लहान सभागृहात पाचला सुरू होणारी शोधा.

संध्याकाळचंही तसंच. डिसेंबरमध्ये पुण्यात सहाच्या सुमारास अंधारतं, जूनमध्ये सव्वासातला. पत्रिकेवर दोन्हीकडे "सायं. ६.३०" छापलेलं असतं. जूनमध्ये तो मारव्याचा वेळ असतो, डिसेंबरमध्ये मारवा टळून गेलेला. नोंदीत सूर्यास्त किती वाजता होता ते लिहा, निवडीचं कारण बरेचदा मिळतं.

---

फोंडेकर | ४ जाने., रात्री ९.३०

गोंयची बाजू कोणी लिहीना म्हणून लिहितो. पणजीचा सुरश्री केसरबाई केरकर समारोह तुम्हाला ठाऊक असेलच. पण वर्षाच्या यादीत वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह धरा. श्रावणात, दुपारी सुरू झालेलं भजन साखळी न तोडता चोवीस तास चालतं, पथकं बदलत राहतात. मुंबई-पुण्याच्या श्रोत्यानं मध्यरात्र ते पहाट हा वेळ पकडावा. अभंगाआधीच्या दोन-तीन मिनिटांच्या आलापीत रात्रीचे राग पुढे सरकताना ऐकू येतात, ते सभागृहात मिळत नाहीत. नोंद ठेवायची ती पथक बदलताना: नवा गायक स्वर बदलतो की आधीचाच धरतो? पेटीवाला सांभाळून घेतो, पण तबलजी मागे पडला तर लगेच कळतं.

पाऊस धो-धो असतो, छत्री आणि सुका पंचा घेऊन या. तबल्याबद्दल वर जे लिहिलंय ते तिथे दर तासाला ऐकू येईल.

---

नवखी | ५ जाने., दुपारी ४.१०

राग ओळखता येत नसेल तर काय लिहायचं? ध्वनिमुद्रण तर बहुतेक ठिकाणी मना आहे.

---

मधली_रांग | ५ जाने., सायं. ५.००

मुखड्याचे शब्द लिहा, तेवढ्यावरून पारंपरिक बंदिश असेल तर राग घरी शोधता येतो. दुसरं, गायक कुठल्या सुरावर पुन्हा पुन्हा थांबतो ते पकडा. नाव नको, षड्जापासून वर किती अंतरावर आहे ते गुणगुणून बघा. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे सूर तेच आहेत. फरक वावरण्याच्या जागेत: पूरिया मंद्र-मध्यात रमतो, सोहनी तार षड्जाच्या आसपास, आणि मारवा ऋषभ-धैवतावर थांबून षड्जाला शक्य तितकं टाळतो. "सारखा वरच राहिला" एवढं लिहिलं असेल तरी जाणकार सांगू शकेल.

पटदीप की मधुवंती असा गोंधळ झाला तर मध्यम ऐका: पटदीपात शुद्ध, मधुवंतीत तीव्र.

---

बिगरपावती | ५ जाने., रात्री ८.१५

संवादिनीबद्दल कोणी बोललं नाही. "पेटी बेसूर वाटली" अशी नोंद करावी की नाही? वाजवणारा तर पट्टीचा होता.

---

खुंटी_पिळ | ५ जाने., रात्री ९.४०

करावी, पण पेटीच्या नावानं, वाजवणाऱ्याच्या नव्हे. बाजारात मिळणाऱ्या पेटीचे सूर समान अंतरावर बसवलेले असतात. तिचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर. तानपुऱ्याच्या खर्जातून निघणारा गांधार ३८६ वर. हा १४ सेंटचा फरक गायक गांधारावर थांबला की उघडा पडतो. म्हणून जाणता साथीदार तिथे बोट उचलतो किंवा षड्ज-पंचम नुसते धरतो. भूपात, यमनात गांधारावर लांब मुक्काम असतो, तेव्हा त्याच्या हाताकडे बघा. भराभर सगळे सूर पाठोपाठ वाजवणाऱ्यापेक्षा हा किती वेळा गप्प बसतो ते मोजा.

काही जण एका गायकाच्या पट्टीला पेटीचे सूर घासून नैसर्गिक गांधारावर आणतात. मग त्या गायकाबरोबर ती सुंदर लागते. पण त्याच पेटीवर पट्टी सरकवून दुसऱ्या स्वराला साथ केली, की घासलेले सूर भलत्याच जागी येतात. एका संध्याकाळी तीच पेटी पहिल्या कलाकाराला गोड आणि दुसऱ्याला बेसूर वाटली असेल तर हे तपासा. सारंगीला हा प्रश्न नाही, तिला पडदेच नाहीत. तिथे तक्रार आली तर ती तरफांची (आपोआप झंकारणाऱ्या तारांची): पस्तीसेक तारा रागाप्रमाणे जुळवायला वेळ लागतो, आणि आयोजकांनी तो दिलेला नसतो.

---

फेडर_खाली | ५ जाने., रात्री १०.०५

सारंगीवाल्याला वेळ मिळाला तरी त्याचा माइक मात्र उरलासुरला, वाकलेल्या स्टँडचा. पुढच्या वेळी बघा, बहुतेक गजाला तोंड करून लावलेला असतो. तो पोटाच्या चामड्याकडे, घोडीच्या बाजूला हवा.